मदत हवी आहे: नोकरी सांभाळून एसीसीएचे दोन पेपर, अभ्यासाला किती वेळ द्यावा?

नमस्कार मंडळी,

एसीसीएच्या (अकाउंटंट होण्यासाठीची ब्रिटिश व्यावसायिक परीक्षा) डिसेंबरच्या सत्राला फायनान्शियल रिपोर्टिंग (कंपन्यांची आर्थिक पत्रकं तयार करणं) आणि ऑडिट असे दोन्ही पेपर एकत्र द्यायचा विचार आहे. नोकरी पूर्णवेळ आहे. रोज पहाटे दीड-दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी पाच-सहा तास, यापेक्षा जास्त वेळ निघणं अवघड. एवढ्यात दोन पेपर होतील, की एक पेपर मार्चच्या सत्रावर ढकलू?

पास व्हायला ५० गुण लागतात, त्यामुळे पाठ्यपुस्तक एकदा नीट वाचलं की भागेल असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. कन्सॉलिडेशनचंच घ्या, म्हणजे मूळ कंपनी आणि उपकंपनीचे हिशेब एकत्र करणं. सोडवलेलं उत्तर वाचताना सगळं कळतं, पण कोरी शीट समोर आली की उपकंपनीने मूळ कंपनीला विकलेल्या, पण अजून बाहेर न विकल्या गेलेल्या मालातला न झालेला नफा नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्टमध्येही (उपकंपनीतल्या इतर भागधारकांच्या हिश्श्यातही) विभागायचा, हे नेमकं निसटतं. फायनान्शियल रिपोर्टिंगच्या शेवटच्या भागात २० गुणांचे दोन मोठे प्रश्न असतात, तिथे हात बसलेलाच हवा. ऑडिटचं वेगळंच, तिथे मुद्दा माहीत असूनही मोजक्या शब्दांत मांडता येत नाही.

ज्यांनी नोकरी करत हे पेपर काढलेत त्यांनी कृपया सांगा: वाचन कधी थांबवलंत आणि वेळ लावून जुने प्रश्न सोडवायला कधी घेतलेत? शेवटच्या महिन्यात रजा काढली होती का? दोन्ही विषय रोज आलटून पालटून करावेत, की आधी एक पूर्ण करावा?

नोंदणी लवकरच करायची आहे, त्यामुळे सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.