मदत हवी आहे : मावसभाऊ क्रिकेट सट्ट्याच्या उधारीत अडकलाय, बुकीची माणसं घरी येतात (सोलापूर)

शेंगाचटणी

नमस्कार. घरचा विषय आहे, त्यामुळे नावं टाळतेय.

माझी मावशी सोलापुरात पूर्व भागात राहते, विड्या वळते. तिचा धाकटा चोवीस वर्षांचा, युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला आहे. तो आयपीएलपासून सट्टा खेळतोय हे आम्हाला कळलं ते बुकीची दोन पोरं दारात येऊन बसली तेव्हा. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. पाणी मागून प्यायले, "मावशी, त्याला सांगा, शेठ आता थांबायचे नाहीत" म्हणाले आणि गेले. पुढच्या खेपेला एकानं विड्यांच्या सुपासकट मावशीचा फोटो काढला. कशाला, काय माहीत. तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा नाही.

मी त्याला बसवून सगळं विचारून घेतलं. ओळखीच्या पानटपरीवाल्यानं त्याला 'आयडी' दिला. प्ले स्टोअरवर मिळणारं अ‍ॅप नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक येते. पैसे आधी भरायचे नाहीत. खात्यावर पॉइंट टाकतात, हिशेब सोमवारी. कोण जिंकणार यावर तो फारसं लावायचाच नाही, सगळा नाद सेशनचा. म्हणजे पहिल्या सहा ओव्हरला किती रन होतील. बुकीचा भाव ४८-५० असला तर ५० किंवा वर होतील म्हणणारा 'यस', ४८ व्हायचे नाहीत म्हणणारा 'नॉट'. अर्ध्या तासात निकाल. हरला की पुढच्या सेशनला दुप्पट. आधीच्या पिढीत आमच्याकडं ओपन-क्लोजच्या चिठ्ठ्या होत्या, पण मटक्याला निदान दिवसभर वाट तरी बघावी लागायची.

अंगावर १,८०,००० झाले. मोबाइल आणि गाडी विकून ६०,००० दिले. उरलेल्यावर शेकडा दहा महिना व्याज. वर ५०० च्या स्टँपवर 'हातउसने घेतले' असं लिहून घेतलंय आणि सही केलेले दोन कोरे चेकही नेलेत.

मला विचारायचंय ते हे, की हे देणं कायद्यानं लागतं का? पोलिसात गेलो तर याच्यावरच केस होईल का? मामा म्हणतात गप दागिने मोडून देऊन टाका, पेपरात नाव आलं तर सोयरीक मोडेल.

कन्नाचौक

मामा बरोबर बोलतेत. देऊन मोकळं व्हा. ह्या लोकांच्या नादी लागू नये.

गड्ड्याचीजत्रा

चेकचं स्टॉप पेमेंट करा, विषय कट.

काळाकोट

ताई, वकिली करतो, पण इथं कागद न बघता बोलतोय एवढं लक्षात ठेवा.

आधी देण्याचं. पैजेचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार रद्दबातल असतो, त्यावर कोर्टात वसुलीचा दावा चालत नाही. आपल्याकडं त्याला मुंबई इलाख्याच्या १८६५ च्या कायद्याची जोड आहे. त्यामुळं पैजेला मदत म्हणून केलेला जोडकरारही रद्दच. उलट बाजूही ऐका : जे ६०,००० हातानं दिले ते दावा लावून परत मिळतील अशी आशा ठेवू नका.

बुकीला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर स्टँपवर 'हातउसने' आलं. त्याचं म्हणणं राहणार, सट्टा कसला, मी गरजेला पैसे दिले. पण तिथंच तो दोन्हीकडून अडकू शकतो. उसने म्हणतो तर शेकडा दहा व्याज कसलं? विनापरवाना सावकारी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली गुन्हा आहे, तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं होते. एकाच माणसाला एकदा दिलं तर त्याला सावकारी म्हणत नाहीत, धंदा दिसावा लागतो. आणखी दोघं-चौघं असे अडकलेले असणारच, त्यांना शोधा.

आता चेक. स्टॉप पेमेंटनं विषय कट होत नाही, त्या कारणानं परत गेलेल्या चेकवरही कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम, लागतं. देणं कायद्यानं वसूल होण्याजोगं हवं ही अट आहे, पण सही तुमची म्हटली की कोर्ट आधी देणं आहे असंच धरतं. चेक कोरा दिला होता म्हणून ते गृहीतक जात नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सांगितलंय. देणं सट्ट्याचं होतं हे पोरालाच दाखवावं लागेल. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीही डिलीट करू नका. भाव, सोमवारचे हिशेब, व्हॉइस नोट, सगळं ठेवा. घाबरून लोक नेमकं तेच आधी पुसतात. नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत वकिलाकडून उत्तर गेलंच पाहिजे.

केसचं. 'बेटिंग आणि जुगार' हा राज्यांचा विषय, आणि आपल्याकडं १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. कलम ४ अड्डा चालवणाऱ्याला, कलम ५ अड्ड्यावर खेळताना सापडलेल्याला. घोड्यांच्या शर्यतीला अटींवर सूट आहे, पुण्याच्या रेसकोर्सवर रीतसर पैसे लावता येतात. क्रिकेटला सूट नाही. ऑनलाइनसाठी संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये वेगळा कायदा केला. त्यात असे पैशाचे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. तेव्हा 'पोरगाच आत जाईल' ही भीती बुकीनं घातलेली आहे. त्याच्या धंद्याला ती सोयीची.

धमकी आणि वसुलीसाठी भारतीय न्याय संहितेची कलमं ३०८ आणि ३५१ बघा.

पार्कस्टेडियम

सरकारनंच कायदेशीर करून कर लावावा की. विधी आयोगानं २०१८ च्या अहवालात, बंदी पाळता येत नसेल तर नियमन करा, असं म्हटलं होतंच. कोट्यवधी रुपये दोन नंबरमध्ये फिरतात.

शेंगाचटणी

@पार्कस्टेडियम, वेगळा धागा काढा, तिथं येऊन वाद घालते. मला आधी घर वाचवायचंय.

@काळाकोट, खूप आभार. एक गोष्ट तो आज बोलला. त्याचं बँकेचं एटीएम कार्ड आणि त्या खात्याचं सिम त्या लोकांकडं आहे. महिन्याला चार हजार देतो म्हणून 'वापरायला' घेतलं, आणि तेही उधारीत वळते करून घेतात. ह्याचं काय करू?

कॅशकाउंटर

मी बँकेत आहे. ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी हे.

तुमच्या पोराची उधारी ही छोटी गोष्ट आहे, खातं ही मोठी. असल्या खात्यातून सट्ट्याचे पैसे फिरतात आणि बरेचदा ऑनलाइन फसवणुकीचेही. कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात कुणीतरी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैसा ज्या-ज्या खात्यांतून गेला ती गोठतात, आणि नोटीस येते ती खातेदाराच्या नावानं. तिथं खेळणारा म्हणून सूट नाही, तो पैसा पोचवणारा ठरतो. आमच्या शाखेत मजुरी करणारी एक बाई आली होती. नवऱ्यानं तिचं खातं असंच कुणाला तरी दिलेलं, आणि तिला पगार काढता येईना. पासबुक छापून बघितलं तर तीन पानं भरून तिला न कळणाऱ्या नोंदी.

कार्ड आणि नेट बँकिंग फोनवरून लगेच ब्लॉक करा. सिम त्याच्या नावावर असेल तर कंपनीच्या दुकानात जाऊन बदलून घ्या. मग मूळ शाखेत लेखी अर्ज द्या, पोच शिक्क्यासह घ्या. स्टेटमेंट काढून ठेवा. चेकबुकचा उरलेला भाग फेकू नका, गेलेल्या चेकचे नंबर त्यावरून कळतात.

काळाकोट

कॅशकाउंटरशी सहमत, हे मला आधी माहीत असतं तर वरचा प्रतिसाद इथूनच सुरू केला असता. कार्ड ब्लॉक झालं की त्यांना त्याच दिवशी कळणार. म्हणून त्याच दिवशी पोलिस आयुक्तालयात लेखी तक्रार द्या, सोबत शाखेच्या अर्जाची प्रत. त्यांनी त्याच्यावर बोट दाखवायच्या आधी त्याची हकीकत कागदावर हवी. संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीनं चालवलेली अनधिकृत बेटिंग येते, आणि त्या टोळीत हा धरला जायला नको.

तोंडी सांगून येऊ नका. पोराला सोबत न्या, पण बोलणारं माणूस दुसरं असू द्या.

कन्नाचौक

खात्याचं माहीत नव्हतं. मग देऊन मोकळं व्हा हे चालायचं नाही. माझा एक मित्र वकील आहे, पण फी घेईल.

काळाकोट

फी कशाला? जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. धमकी मावशींच्या घरी येऊन दिली, फोटो त्यांचा काढला. तेवढी तक्रार त्यांच्या नावानं करा. चेकचा खटला उभा राहिलाच तर तो पोराच्या नावावर असेल, त्याला उत्पन्नाच्या अटीत बसतो का ते तिथंच विचारा.

चादरवाला

पोराकडंही बघा ताई. आमच्या कारखान्यातला एक जण देणं फिटल्यावर पुढच्या सीझनला परत बसला होता. १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत लाइन आहे, मराठीत बोलतात. मोबाइल साधा बटणाचा द्या, पगार काही महिने मावशीच्या हातात.

शेंगाचटणी

कार्ड आत्ताच ब्लॉक केलं, त्याच्याकडूनच फोन करवला. सिम त्याच्या नावावर नाही, त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी नावावर निघालं. @कॅशकाउंटर, मग खात्याला लावलेला नंबर बदलायला शाखेत काय-काय न्यावं लागेल? आधार आहे, पासबुक त्यांच्याकडं आहे.

कॅशकाउंटर

आधार, पॅन आणि तो स्वतः. पासबुक हरवल्याचं नको, 'दुसऱ्याच्या ताब्यात आहे' असंच लिहा, खरं तेच. शाखा उघडताच जा, दुपारी गर्दी असते.