स्टुडंट कौन्सिलचं काम फक्त गरबा आणि ॲन्युअल डे एवढंच असतं का?

एसवाय_बडोदा
नमस्कार मंडळी, मी बडोद्यातच शिकते, यंदा वर्गाने मला सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी केलं म्हणून कौन्सिलवर आले. आतापर्यंतच्या सगळ्या मीटिंगा नवरात्रीचा गरबा, साउंडवाला आणि ॲन्युअल डे यातच गेल्या. माझ्या वर्गातल्या काही जणांना परीक्षा देऊनसुद्धा रिझल्टमध्ये गैरहजर दाखवलंय, ती पोरं पादरा, डभोई या गावांहून अपडाऊन करतात आणि रोज ऑफिसच्या खिडकीवर उभी असतात. हे मीटिंगमध्ये काढलं तर सर म्हणाले हा कौन्सिलचा विषयच नाही. खरंच नाही का?

दांडियाबाजार_दादा
अगं विषय आहेच, पूर्ण आहे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२३ चे तक्रार निवारणाचे नियम काढून वाच. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिच्यावर एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून हवा, आणि तक्रार आल्यावर १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तो पटला नाही तर पुढे विद्यापीठाच्या लोकपालाकडे (ओम्बड्सपर्सनकडे) जाता येतं. तू फक्त एक कर, तोंडी बोलत बसू नकोस. सगळ्यांचे सीट नंबर, विषय, तारखा लिहून एकच अर्ज कर आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

फतेगंज_ताई
दादांचं बरोबर आहे पण तो निमंत्रित विद्यार्थी संस्था नेमते, आपण निवडत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जी अंतर्गत समिती असते तिथे मात्र प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर यूजी, पीजी आणि रिसर्च मिळून तीन विद्यार्थी निवडून घ्यायचे असतात, यूजीसीचाच २०१५ चा नियम आहे. तुमच्याकडे ते तिघं कोण आहेत हे वर्गातल्या एका तरी मुलीला माहीत आहे का ते विचार. नसेल तर पुढच्या मीटिंगचा पहिला विषय हाच घे, गरबा नंतर.

जुना_एमएसयूवाला
मला वाटतं मुळातच निवडणूक हवी. इथल्या एमएस युनिव्हर्सिटीत यूजीएस (युनिव्हर्सिटी जनरल सेक्रेटरी), व्हीपी (व्हाइस प्रेसिडेंट) या पदांसाठी पोरं मतं मागत फॅकल्टी फॅकल्टी फिरायची तेव्हा निदान कोणाला जाब विचारायचा ते कळायचं. गोंधळ व्हायचा, मान्य, पण त्यासाठीच तर २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने उमेदवाराला ५००० रुपये खर्चाची मर्यादा घातली, छापील पोस्टरं बंद केली. नेमणुकीने कौन्सिल बनवणं ही त्यांनी तात्पुरती सोय म्हणून सांगितली होती. सरांनी नेमलेला मुलगा सरांना कसा विचारणार?

फतेगंज_ताई
निवडणूक होईल तेव्हा होईल हो, पण त्या पोरांचं वर्ष आत्ता चाललंय ना. आणि ही तर वर्गाने निवडलेली आहे.

एसवाय_बडोदा
थँक्यू ताई, दादा. सगळ्यांचे हॉल तिकिटाचे फोटो मागवलेत, अर्ज आज रात्री लिहिते. दादा, प्रत प्रिन्सिपलना पण द्यायची का फक्त समितीला?

दांडियाबाजार_दादा
दोघांना दे. आणि सह्या त्या मुलांच्याच घे, सीआर म्हणून तुझी सगळ्यात खाली.