अनुभव धागा: फौजेत शिपाई म्हणून कोण जातं, आणि कुठल्या मार्कशीटवर?

भरतीला येणारा पोरगा कुठल्या घरचा असतो, किती शिकलेला असतो आणि कुठे गळतो, हे या कामात रोज असणाऱ्यांनी लिहावं. 'मी कसा लागलो' यासाठी वेगळा धागा आहे. इथे कागद, आकडे आणि नेहमीच्या चुका येऊ द्या.

निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा

'फौजेत गरीबच जातो' हे अर्धंच खरं. अगदी तळाचा, ऊसतोडीला जाणाऱ्याचा पोरगा रांगेत कमीच दिसतो. दर हंगामात शाळा सुटते, मग दहावी गाठणार कधी? येतो तो दोन-तीन एकर कोरडवाहूवाल्याचा. त्यात घरात आधीचा कुणी फौजी असला तर तो पुढे. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारख्या गावात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे ४६ जण कामी आले.

अशा घरात वारशाने मिळते ती माहिती. फॉर्म कधी सुटतो, रेकॉर्ड ऑफिसचा नातेसंबंधाचा दाखला कसा मागवायचा, हे चुलत्याला पाठ असतं. शेजारच्या वाडीतल्या पोराला ते रॅलीच्या (भरती मेळाव्याच्या) आदल्या रात्री कळतं.

दहावीचे वर्गशिक्षक

गाळणी मैदानात लागत नाही, निकालाच्या दिवशीच लागते. जीडीला (जनरल ड्युटी, म्हणजे साधा शिपाई) दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ हवेत. काठावर ३५-३५ घेऊन सुटलेला पोरगा जीडीला बसूच शकत नाही, त्याला ट्रेड्समनच (स्वयंपाकी, धोबी, न्हावी अशी कामं). त्यातही मेसकीपर आणि हाउसकीपरला आठवी पास चालतं. म्हणजे भांडी आणि झाडू कुणाच्या हातात जाणार, ते गणिताच्या पेपरात ठरतं. आणखी एक फसगत: बोर्डाच्या एकत्रित उत्तीर्णतेत गणितात पस्तिसाच्या खाली असूनही मुलगा पास होतो, घरी पेढे वाटतात. फौजेच्या फॉर्मवर मात्र तो विषय ३३ च्या आत सापडतो.

क्लार्कला बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण एकूण ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५०. टेक्निकलला भौतिक, रसायन, गणित, इंग्रजी घेऊन एकूण ५० आणि प्रत्येकात ४०. अकरावीला 'गणित जड जातं' म्हणून जीवशास्त्राकडे वळणाऱ्याने हे आधी बघावं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही टेक्निकलची वाट आहे, तिथे दहावीची टक्केवारी लागते. कारागिराच्या घरच्या मुलांना ही वाट फार जवळची, पण सांगतं कोण?

भरती अकॅडमीचे कोच, कोल्हापूरकडचे

सरांचं बरोबर, पण मैदानही सगळ्यांना सारखं नाही. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारले तर ६० गुण. ४०० मीटरच्या चार फेऱ्या, म्हणजे फेरीला ८२ सेकंद. पोरं पहिली फेरी सत्तरमध्ये मारतात आणि तिसऱ्या फेरीत मरतात. बीमवर (आडव्या बारला लटकून वर जाणं, पुल-अप) १० काढले की ४० गुण, ६ वर १६. खुरपणी-नांगरणी केलेल्या पोराचा दंड चांगला असतो, पण त्याची पकड आणि पाठ बीमला तयार नसते. हात पूर्ण सरळ, हनुवटी बारच्या वर, झोका नाही. झोका दिला की तो मोजतच नाहीत.

मेडिकलला घरची परिस्थिती उघडी पडते. किमान १४ डेंटल पॉइंट (धड दातांचे गुण) लागतात, आणि आमच्याकडची निम्मी पोरं दातांच्या डॉक्टरकडे कधी गेलेलीच नसतात. मिश्री-तंबाखूने गेलेल्या दाढा, कानात साचलेला मळ. कान दोन आठवडे आधी डॉक्टरकडून साफ करून घ्यायचा, घरी काडी घालायची नाही. सपाट पाय आणि गुडघ्याला गुडघा लागणं तर पहिल्या दिवशीच बघा, सहा महिने पळवून मग नको. उंची जीडीला १६८.

ई-सेवा केंद्रवाला

नावाचं एक स्पेलिंग पोराचं वर्ष खातं. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरं, डोमिसाइलवर तिसरं. आधी दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवा आणि बाकी सगळे कागद त्याच्याशी जुळवा, उलटं करू नका. सरपंचाचा अविवाहित दाखला आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला जुने झाले की चालत नाहीत, म्हणून ते शेवटी काढा.

२०२३ पासून ऑनलाइन पेपर आधी आणि मैदान नंतर, त्यामुळे नुसता पळणारा पोरगा मैदानापर्यंत पोचतच नाही. २०२५ पासून पेपर मराठीतही आहे, हा मोठा फरक. तरी फॉर्म भरताना भाषा निवडायची राहून जाते.

एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आणि एसएसबी (अधिकारी निवडीची मुलाखत) यांची तयारी घेणाऱ्या बाई

अधिकारी होणाऱ्यांचं घड्याळच वेगळं चालतं. साताऱ्याची सैनिक शाळा (१९६१, देशातली पहिली) सहावीला प्रवेश देते, वय १० ते १२. छत्रपती संभाजीनगरची एसपीआय (एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था) दहावीनंतर घेते. हे ज्याच्या घरात पाचवीलाच माहीत असतं तो मास्तर, तलाठी, नाहीतर हवालदार असतो. एनडीएच्या फॉर्मला जेसीओ (सुभेदार वगैरे) आणि जवानांच्या मुलांना फी माफ आहे. लेखी ९०० गुणांची आणि एसएसबी ९०० ची. मराठी माध्यमाची मुलं गणितात मार खात नाहीत, गटचर्चेत गप्प बसून खातात. रोज दहा मिनिटं इंग्रजीत तोंड उघडणं, चुकत का होईना, एवढाच इलाज.

आणि एक वाट जवानांनाच ठाऊक असते: रँकमधून एसीसी (आर्मी कॅडेट कॉलेज, जवानाला अधिकारी करणारं), बारावी पास आणि वय २० ते २७.

पतसंस्थेतले एक

पूर्वी १५ वर्षांनी पेन्शन, म्हणून बाप एक पोरगा फौजेला आणि एक शेताला असा हिशेब करायचा. २०२२ पासून अग्निवीर चार वर्षांचा. पहिल्या वर्षी ३०,००० पैकी ९,००० सेवा निधीत (सुटताना मिळणाऱ्या रकमेसाठीची कपात) जातात, हातात २१,०००. सुटताना व्याजासह साधारण ११.७१ लाख, पेन्शन नाही, कायम होणार २५ टक्क्यांपर्यंत. ज्याच्याकडे शेत किंवा दुकान आहे त्याला ही रक्कम भांडवल वाटते, ज्याच्याकडे काहीच नाही त्याची ती बहिणीच्या लग्नात जाते. मुलीकडचे आता पहिला प्रश्न 'कायम झाला का?' हाच विचारतात.

कोच, परत

एक राहिलं. फौजेचं वय उलटलं की तीच पोरं पोलीस भरतीकडे वळतात, आणि तिथे १०० मीटर आणि गोळाफेकही असते. नुसतं १६०० वर पाय तयार केलेला पोरगा गोळ्यात गुण घालवतो. सुरुवातीपासून आठवड्यातून दोन दिवस गोळा धरा.