'उन्हाची काहिली' रत्नागिरीत चालेल का?

रत्नागिरीच्या हवेवरचा एक मजकूर तपासायला आलाय. त्यात मे महिन्याच्या वर्णनात 'उन्हाची काहिली' आहे. मला खटकतंय. विदर्भातल्या मेला काहिली शोभते, समुद्राकाठी 'उकाडा' हवा ना? जाणकारांनी सांगावं.

—

उकाडाच करा. उकडणं म्हणजे वाफेवर शिजणं. मोदक उकडतात, तसे मे महिन्यात आपण. पारा ३३-३४ च्या आसपासच असतो, पण हवेत बाष्प एवढं की घाम वाळतच नाही. अंग चिकचिकतं, त्याची आग होत नाही. काहिली म्हटली की आग आली. मालवणकडे 'काय उकडता रे!' म्हणतात. (कोण उकडतंय, याचा कर्ता मात्र तिथेही सापडायचा नाही.)

—

मेपुरतं मान्य. पण कोकणात काहिली नाहीच, असं कृपया ठरवून टाकू नका. फेब्रुवारीअखेर ते मार्च आठवा. सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. एरवी ऊन चढलं की तो पडतो आणि खारा वारा सुरू होतो. ज्या दिवशी मतलई दुपारपर्यंत हटत नाही, त्या दिवशी सह्याद्री उतरून आलेली कोरडी, तापलेली हवा किनाऱ्यापर्यंत पोचते आणि पारा ३८-३९ वर जातो. दोरीवरचे कपडे बघता बघता कडक, ओठ फुटलेले. याला उकाडा कसं म्हणणार? बागेत कैरीची उन्हाकडची बाजू करपते, तिथे तपकिरी चट्टा पडतो. बागायतदार 'आंबा भाजला' म्हणतो, 'उकडला' म्हणत नाही.

हवामान खात्याचं मापही किनाऱ्याला वेगळं आहे. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून, किनाऱ्यावर ३७ पासून.

—

'उष्मा' सुचवणार होतो.

—

उष्मा बातमीत राहू दे, घरात कोण म्हणतं! त्यापेक्षा 'गदमदतंय' घ्या. पण ते पावसाच्या तोंडावरचं: मृग दाराशी, आभाळ भरलेलं, झाडाचं पान हलत नाही. आणि त्याची मळभाशी गल्लत नको. मळभ ऐन थंडीतही येतं, मोहोरावर तुडतुडे वाढतात म्हणून बागायतदाराचा जीव खालीवर होतो, पण तेव्हा उकडतंच असं नाही.

—

ऑक्टोबरचं काय? 'ऑक्टोबर हीट' सगळ्यांच्या तोंडी आहे, मराठी शब्द हवा.

—

बसलेला शब्द कशाला उठवायचा? तेव्हा पाऊस सरलेला, जमीन अजून ओली आणि माथ्यावर कडक ऊन. वरून भाजतं, खालून उकडतं. एका शब्दात बसायचं नाही ते.

—

आभारी आहे. मजकूर पुन्हा काढून पाहिला. महिना मे लिहिलाय, पण पुढच्याच ओळीत कमाल तापमान ३९ आणि 'कोरडे पूर्वेचे वारे' आहेत. म्हणजे काहिली तशीच ठेवतो, महिना चुकलाय का ते लेखकाला विचारतो.