मदत हवी आहे: डिझायनर होते, आता २६ कलाकारांचा शो सांभाळायचाय, हे कुठे आणि कसं शिकायचं?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची, पणजीत एका छोट्या स्टुडिओत ६ वर्षं ग्राफिक्स आणि व्हिडिओ एडिटिंग करतेय. गेल्या वर्षापासून आमच्याकडे लोककलेचे स्टेज शो यायला लागले, म्हणजे घुमट (मातीच्या भांड्यावर चामडं ताणलेलं वाद्य), समई नाच (डोक्यावर समई घेऊन करतात तो), फुगडी आणि मागे एलईडी वॉलवर आमची व्हिज्युअल्स, आणि सरांनी सगळा कारभार माझ्यावर टाकला कारण गावातली पथकं माझ्या ओळखीची. काम मला मनापासून आवडतं पण माणसांकडून काम करून घ्यायचं कसं हे कधी शिकलेच नाही, मी हातानं काम करणारी.

फेब्रुवारीत जे झालं ते सांगते म्हणजे अडचण कळेल. दक्षिण गोव्यात एका रिसॉर्टच्या लॉनवर शो होता, साडेसातला सुरू करायचा. क्लायंटकडून तीन वेगवेगळी माणसं फोन करून बदल सांगत होती, शेवटचा लोगो संध्याकाळी ५ ला आला, मी लॅपटॉप घेऊन तोच बदलत बसले. एलईडीवाल्यांचं टेस्टिंग संपेना, त्यांना बस म्हणायचं कोणी हेच ठरलेलं नव्हतं. तेवढ्यात घुमटवाले बाब आले, वय सत्तरच्या पुढे, घुमट माझ्यासमोर धरून बोटानं एकदा वाजवलं आणि म्हणाले, "बाय, चामडें सैल जालें." दव पडायला लागलं होतं आणि घुमटं तासभर उघड्यावर होती. बकऱ्याचं चामडं, दमट हवेत उतरतंच, शेकावं लागतं, पण सिक्युरिटीवाले विस्तव पेटवू देईनात. मग मी चारही घुमटं उचलून रिसॉर्टच्या किचनमध्ये धावले, तिथल्या कुकनं तंदूरजवळ धरून शेकून दिली, भला माणूस. पण आयटमचा क्रम माझ्या मोबाईलमध्ये आणि मी किचनमध्ये, त्यामुळे साउंडवाल्यानं समईच्या वेळी फुगडीचा ट्रॅक लावला.

शो ५० मिनिटं उशिरा सुरू झाला आणि १० ला लाउडस्पीकर बंद. शेवटचा आयटम फुगडीचा होता, तो कापला. महिनाभर तालीम केलेल्या १० बायका नऊवारी नेसून, आबोलीच्या फात्या (गजरे) माळून विंगेत उभ्या होत्या, त्यांना मीच जाऊन सांगितलं. पैसे पूर्ण दिले, पण त्यांच्यातली एक मावशी काही न बोलता फाती काढून पिशवीत ठेवत होती ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. घुमट २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य जाहीर झालं हे क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये मीच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, आणि त्याच वाद्याला कोरडी खोली मागायचं मला सुचलं नाही.

आता डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात तसाच शो आहे, २६ कलाकार, तीन गावांतली पथकं. चवथ (गणपती) झाली, म्हणजे हातात तीनेक महिने. सर म्हणतात प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा कोर्स कर. मी बघितलं, त्यातली दोन प्रमाणपत्रं पीएमपी आणि नवख्यांसाठीचं कॅपम. पीएमपीला पदवीधरांना ३ वर्षांचा प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं, कॅपमला अनुभव लागत नाही. पण त्यात घुमटवाल्या बाबांना "आता थांबा" कसं म्हणायचं ते असेल का? माझ्या दुप्पट वयाच्या माणसांना सूचना देताना जीभ अडखळते, मग मी त्यांचंही काम स्वतःच करते. कोणी यातून गेलंय का, प्लीज सांगा.

पडद्यामागून: २० वर्षं नाटकांना रंगमंच व्यवस्था करतोय, गोव्यातल्या उत्सवी नाटकांपासून स्पर्धेपर्यंत. ताई, कोर्स नंतर कर, आधी शोच्या वेळी तू मोकळी राहा. क्यू देणारा, म्हणजे कधी काय सुरू करायचं तो इशारा देणारा माणूस एकच, त्याच्या हातात कागदावर छापलेली क्यू शीट: किती वाजता, कुठला आयटम, साउंड काय, लाइट काय, स्क्रीनवर काय. तीच शीट साउंड, लाइट आणि एलईडीवाल्याकडे. वेळ १० पासून मागे मोजत या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमात सण-उत्सवांसाठी सरकार वर्षात फार तर १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, रिसॉर्टच्या खासगी शोनं त्या भरवशावर राहू नये. आणि कापायचं झालं तर काय कापायचं ते आदल्या दिवशी ठरव, माझ्या मते व्हिडिओ कापा, माणसं नको. क्लायंटकडे मंजुरी देणारा माणूस एकच, नाव करारात. दोन वेळा बदल फुकट, तिसऱ्याला पैसे, तेही ईमेलवर. शिवाय लाइट-साउंड आजच बुक कर, नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कला महोत्सव, नंतर चांगला टेक्निशियन मिळायचा नाही.

डिचोलीहून: मोठ्या माणसांना मैदानात सगळ्यांसमोर सांगायचंच नाही. घरी जा, चहा घे, क्रम त्यांच्यासमोर मांड आणि विचार की वाद्यांना काय लागेल, माणसांना काय लागेल. प्रत्येक पथकाचा एक मुख्य ठरव, तू फक्त त्या तिघांशी बोल, पुढचं ते बघतील. आमच्या भजनी मंडळात असंच चालतं. आणि नाइट (एका प्रयोगाचं मानधन) किती, गाडीभाडं वेगळं की त्यातच, ते त्याच दिवशी बोलून घे, हे राहिलं की नंतर मनं दुखावतात.

धागाकर्ती: दोघांचे खूप आभार. काल बाबांच्या घरी जाऊन आले, तास-दीड तास बसले. त्यांनी स्वतःच सांगितलं की घुमटाचा आयटम पहिला घ्या, दव पडायच्या आत, आणि एक बंद खोली द्या, हॅलोजन लावून चामडं गरम ठेवता येतं. इतकं सोपं होतं, मी विचारलंच नव्हतं. फुगडी आता दुसऱ्या नंबरला घेतलीय. क्यू द्यायला आमच्या ऑफिसमधल्या मुलाला तयार करतेय, पण त्यानं कधी लाइव्ह शो केलेला नाही. पडद्यामागून दादा, रंगीत तालमीच्या आधी फक्त साउंड-लाइटची वेगळी तांत्रिक तालीम त्याला पुरेल, की दोन घेऊ? दुसरीचं भाडं बजेटमध्ये बसवायचं तर आजच सरांशी बोलावं लागेल.