ग्रीन टीच्या अर्काचे जेल तपकिरी का पडते?

प्रश्न
औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी 2 टक्के ग्रीन टी अर्क असलेले जेल तयार केले आहे. त्यात 1 टक्का कार्बोपोल (जेल घट्ट करणारे बहुवारिक) असून ट्रायइथॅनोलअमाइन हा अल्कधर्मी पदार्थ घालून सामू 7 च्या वर नेला आहे. डीपीपीएच या ऑक्सिडीकरणरोधक क्षमतेच्या चाचणीत अर्काचे निष्कर्ष उत्तम होते. परंतु तिसऱ्या आठवड्यात जेल तपकिरी पडले आणि पातळही झाले. अर्काचे प्रमाण वाढवावे का?

पहिला प्रतिसाद
प्रमाण कृपया वाढवू नका, कारण दोष अर्काच्या मात्रेत नसून त्याच्या भोवतालात आहे. ग्रीन टीमधील मुख्य कॅटेचिन (ऑक्सिडीकरणरोधक वनस्पतिजन्य संयुग), म्हणजे ईजीसीजी, आम्लधर्मी द्रावणात बराच काळ टिकते. सामू उदासीन किंवा अल्कधर्मी झाला की त्याच्या फिनॉल गटांतील प्रोटॉन सुटू लागतात आणि हवेतील ऑक्सिजनने त्याचे ऑक्सिडीकरण झपाट्याने होते. तपकिरी रंग ही त्याचीच खूण आहे. जेल पातळ होण्याचे कारण वेगळे आहे : वनस्पतींच्या अर्कात क्षार असतात, त्यांचे धन आयन कार्बोपोलच्या साखळ्यांवरील ऋण प्रभार झाकतात, साखळ्या आक्रसतात आणि जेल सैल पडते. हायड्रॉक्सिइथिल सेल्युलोज या दुसऱ्या जेलकारकावर प्रभार नसल्यामुळे त्याला क्षारांचा फारसा उपद्रव होत नाही व सामू 5 च्या खाली ठेवता येतो, म्हणून मी तेच घेईन. ऑक्सिडीकरणाला चालना देणारे लोह व तांब्याचे आयन बांधून ठेवण्यासाठी थोडे डायसोडियम ईडीटीएही घालावे.

दुसरा प्रतिसाद
वरील मताशी मी सहमत आहे. मात्र डीपीपीएच चाचणीवर इतका भर देऊ नये, असे मला मनापासून वाटते. ती परीक्षानळीतील मुक्त मूलक शमवण्याची क्षमता दाखवते, त्वचेत काय पोहोचते ते दाखवत नाही. साधारण 500 डाल्टन रेणुभारापर्यंतचे रेणू त्वचेत शिरू शकतात, असा ढोबळ नियम आहे, आणि ईजीसीजीचा रेणुभार 458 आहे. पण त्यावर आठ हायड्रॉक्सिल गट असल्याने ते पाण्यात रमते आणि अवघ्या 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीच्या, मेदयुक्त शृंगस्तरापाशी, म्हणजे त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरापाशी, अडखळते. फ्रान्झ विसरण कोषात (त्वचेच्या तुकड्यातून औषध किती पार जाते ते तपासणारे उपकरण) 32 अंश सेल्सिअसला प्रयोग करून त्वचेत किती ईजीसीजी राहते आणि पलीकडे किती जाते, हे एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्राने मोजा. अपेक्षित मात्रा पोहोचत नसेल, तर लायपोसोम किंवा इथोसोम, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या मेदाच्या सूक्ष्म पिशव्या, यांचा विचार करता येईल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
दोघांचेही आभार. नव्या जेलचा सामू 4.5 ठेवतो. नमुने काचेच्या बरण्यांत साठवले तर चालतील का?

पहिला प्रतिसाददाता
बरणी उघडताना दर वेळी नवी हवा आत जाते, म्हणून अरुंद तोंडाची ॲल्युमिनियमची नळी अधिक योग्य. 40 अंशांवरील स्थैर्यचाचणीसाठीही नमुने त्याच नळीत ठेवा आणि ठरावीक अंतराने केवळ रंग न पाहता उरलेले ईजीसीजी मोजा.