मदत हवी आहे : नैराश्याच्या औषधासोबत झिंक द्यावे का?

कोपरीकर : धाकट्या भावाला नैराश्याच्या गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले, तरी तो सकाळी अंथरूण सोडत नाही. झिंकमुळे या औषधांना जोर येतो असे वाचून मी ठाणे स्टेशनजवळच्या केमिस्टकडून झिंक आणले. पण तेव्हापासून त्याला रोज मळमळते. चालू ठेवावे की बंद करावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

पारसिक : कोणते झिंक, किती मिलिग्रॅम, केव्हा घेतो, सोबत आणखी काय चालू आहे, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

वाशी_सेक्टर१७ : गोळ्या हव्यातच कशाला? धान्य-कडधान्यांतील फायटेट नावाचे द्रव्य झिंकला धरून ठेवते, शरीरात शोषू देत नाही आणि मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने ते कमी होते. नैराश्य असलेल्यांच्या रक्तात झिंक कमी आढळते, म्हणून त्याला मोडाची मटकी आणि भोपळ्याच्या बिया द्या. मन आपोआप सुधारेल.

रसायनशिक्षक : मटकीबद्दल सहमत आहे, ‘आपोआप’बद्दल मुळीच नाही. भूक मेली की आहारातील झिंक घटते, शरीरात दाह असला तरी रक्तातील झिंक उतरते; त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे एवढ्यावरून ठरत नाही. झिंक मेंदूतील काही चेतापेशींमधून ग्लुटामेट या उत्तेजक रसायनासोबत बाहेर पडते आणि त्याचा संदेश घेणाऱ्या एनएमडीए नावाच्या ग्राहींना आवर घालते, म्हणून संशोधकांना त्यात रस आहे. २००३ साली पोलंडमध्ये नेहमीच्या औषधांच्या जोडीला रोज २५ मिलिग्रॅम झिंक दिले, तेव्हा बाराव्या आठवड्यात गुण अधिक दिसला. पण तो अभ्यास फार लहान होता आणि झिंक औषधाऐवजी दिलेले नव्हते.

मोगरा : माझ्या मुलाला जुलाबात २० मिलिग्रॅम झिंक १४ दिवस दिले होते, काहीही त्रास झाला नाही.

पारसिक : ताई, तो उपचार वेगळा. कोपरीकर, तपशील?

कोपरीकर : डबीवर ‘झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅम’ लिहिले आहे, एक सकाळी उपाशीपोटी, एक रात्री. नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्राम आहे. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिनही सकाळीच घेतो, पण त्याचा इथे संबंध नसावा.

रसायनशिक्षक : संबंध आहे. डॉक्सिसायक्लिन आतड्यात झिंकशी बांधले जाते आणि मग दोन्ही नीट शोषली जात नाहीत. शिवाय २२० मिलिग्रॅम हे झिंक सल्फेट या पूर्ण क्षाराचे वजन असून त्यात झिंक साधारण ५० मिलिग्रॅम असते, म्हणजे दिवसाला १००. प्रौढांसाठी वरची मर्यादा ४० मानतात. उपाशीपोटी घेतल्यास त्याने मळमळते, आणि असेच महिनोन्महिने चालले तर शरीरातील तांबे घटून रक्तक्षय व नसांचे विकार होऊ शकतात. झिंक आजच थांबवा. एस्सिटॅलोप्राम मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, त्यानेही मळमळू शकते हे त्यांना सांगा.

पारसिक : पाच आठवड्यांत गुण नसेल तर मात्रा वाढवायची की औषध बदलायचे, हा निर्णयही त्यांचाच. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तो करत असेल तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.

कोपरीकर : झिंक बंद केले. डॉक्टरांनी उद्या दहाची वेळ दिली आहे, तिन्ही औषधे सोबत नेतो. तसे तो काही बोललेला नाही, पण मी त्याला कधी विचारलेलेही नाही. आज रात्री त्याच्याच खोलीत झोपेन आणि विचारेन.